पेल्याशेजारची बशी

सिंकमध्ये पेला होता. एकटाच. सकाळी आन्थीचं दूध गरम करायला पातेलं घ्यायला गेले तर तो तिथे, नळाच्या बरोबर खाली, नीट उभा ठेवलेला. जाड बुडाचा, बोटभर उंचीचा, आम्ही पाहुण्यांना गोड वाइन देतो तो. तळाशी मधाच्या रंगाचं कडं सुकलं होतं आणि त्या कड्याला एक मुंगी चिकटली होती, जिवंत, पाय हलवत. मी आधी मुंगी बघितली. मग पेला. मग बऱ्याच वेळाने मला कळलं की मी पेल्याकडे बघतच नाहीये, त्याच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघतेय. तिथे बशी नव्हती. काटा नव्हता. जाळीवर कालची ताटं, मी धुतलेली, मी लावलेली, तशीच्या तशी. मी कचऱ्याच्या डब्याचं झाकण उचललं. अक्रोडाचं टरफल नाही, चीजची साल नाही, नासपतीचा देठ नाही. टेबलावरून हात फिरवला आणि तळहात उलटा करून खिडकीच्या उजेडात धरला. पावाचा एक कण नाही. घरात कोणीतरी प्यायलं होतं आणि प्यायल्यावर काही खाल्लं नव्हतं. आणि घरात माणसं म्हणजे मी, माझा नवरा लिकुर्गोस आणि आमची दोन वर्षांची आन्थी.

कोणी म्हणेल, एवढंसं काय त्यात. आमच्या सामोस बेटावर कोणाच्या घरी गोड वाइन नाही? डोंगरावर जिथे बकरीला पाय ठेवायला जागा नाही तिथे आम्ही दगड रचून द्राक्ष लावलंय. बाप्तिस्म्याला वाइन, मयताला वाइन, बाळंतिणीला वाइन. पण पेला एकटा येत नाही. पेल्याबरोबर काहीतरी येतंच, मग ते चार खारे बदाम का असेनात, ऑलिव्ह का असेना. अगदी भिकारड्या घरातसुद्धा पावाचा तुकडा तेलात बुडवून शेजारी ठेवतात. बशी असेल तर माणूस चार जणांत बसलाय. बशी नसेल तर तो पितोय. काही न खाता पिणाऱ्याला आमच्याकडे ‘कोरडी हातोडी’ म्हणतात आणि म्हणताना आवाज खाली आणतात, एखाद्याचा आजार सांगताना आणतात तसा. माझे वडील कोरडी हातोडी होते. हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं, कारण बशी नेऊन द्यायचं काम माझ्याकडे होतं.

मी पेला धुतला. गरम पाण्याने, बोट आत घालून, कडं निघेपर्यंत. मुंगी पाण्याबरोबर गेली. धुऊन जाळीवर उपडा ठेवल्यावर मनात आलं, का धुतला? त्याला विचारायला हवं होतं, पेला हातात घेऊन, हे काय आहे म्हणून. पण न्हाणीघरातलं पाणी बंद झालं आणि माझे हात आपणहून फडक्याला पुसले गेले. लिकुर्गोस बाहेर आला, ओल्या केसांनी, आन्थीला खांद्यावर घेऊन. चांगला दिसत होता. डोळे स्वच्छ. मी त्याच्या तोंडाजवळ जाऊन आन्थीला घेतलं, मुद्दाम जरा जास्त जवळ जाऊन. टूथपेस्टचा वास.

“झोप लागली?” मी विचारलं.

“मेल्यासारखी.” त्याने पाव उचलला. “तू का अशी वास घेत फिरतेयस? दूध नासलं का?”

“नाही. चांगलंय.”

“मग बरं. सकाळी सकाळी चेहरा बघून वाटलं, आता मलाच ओतून देतेस की काय.” तो हसला, आन्थी हसली. मी पण हसले, आणि हसताना खिडकीचा कडी-कोयंडा लागलाय ना हे बघितलं, कारण आन्थी हल्ली खुर्ची ओढत खिडकीपर्यंत नेते.

आन्थी झाल्यापासून मी अशीच बघत असते. प्लग, सुरीची धार, बाल्कनीच्या गजांमधली जागा, जिन्यावर वाऱ्याने आपटणारं दार. ऑगस्टअखेरीचा हा वारा समुद्रावरून येतो, आमच्या वाथी शहराच्या बंदरातल्या नावा रात्रभर एकमेकींवर घासत राहतात आणि तो आवाज झोपेत दात खाल्ल्यासारखा येतो. मी जागी असते. तरी रात्री लिकुर्गोस उठला हे मला कळलं नाही. म्हणजे मी झोपले होते, किंवा तो इतका हळू उठतो. जहाजावर इंजिनखोलीत काम केलेला माणूस, पाय न वाजवता शिडी उतरायची सवय. मीच त्याला जमिनीवर आणला. आन्थी पोटात होती तेव्हा म्हटलं, मला बाप हवाय, पोस्टकार्ड नको. तो आला. एका शब्दाने तक्रार केली नाही. आता हंगामात वाइनच्या कारखान्यात पंप दुरुस्त करतो, बाकी महिने ज्याचं जे मोडेल ते. जहाजावर थेंबाला शिवत नव्हता. इंजिनाजवळ पिणाऱ्याची बोटं जातात, म्हणायचा. संध्याकाळी पिरेउस बंदराकडे जाणारी बोट सुटताना भोंगा देते तेव्हा तो जिथे असेल तिथे, कोणाशीही बोलत असला तरी, क्षणभर थांबतो. हातातला पाना तसाच हवेत राहतो. मला ते दिसतं. त्याला ते माहीत नाही.

माझी आई आठच्या बसने डोंगरावरून उतरली. कामाच्या दिवशी ती आन्थीला सांभाळते. तिने येता येता चप्पल काढली, अक्रोडाची पिशवी ओट्यावर ठेवली, आन्थीचे दोन्ही गाल ओढले आणि भांड्यांच्या जाळीकडे बघितलं. जाळीकडेच बघितलं, असं मला वाटलं. मग वाटलं, मला हल्ली सगळेच कुठेतरी बघतायत असं वाटतं.

कारखान्याच्या चवघरात माझं काम म्हणजे बोलणं. पर्यटक येतात, उन्हाने लाल झालेले, मी त्यांना एकेक घोट देते आणि कशाबरोबर काय हे सांगते. कोवळी, फिकट वाइन थंडगार द्यायची, खरबुजाबरोबर, ताज्या बकरीच्या चीजबरोबर. उन्हात वाळवलेल्या द्राक्षांची, तांबूस, जाडसर, तिला अक्रोड आणि सुकं अंजीर. आणि पिंपात वर्षानुवर्षं राहून काळपट झालेली, तिच्यासमोर निळ्या बुरशीचं चीज ठेवायचं, नाहीतर संत्र्याच्या सालीचा पाकातला मुरंबा. गोडाला खारट लागतं, नाहीतर गोड एकटं पडतं. हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की म्हणताना आता मी दुसरंच काहीतरी बघत असते. कॉलेजात आम्हाला आम्लता, साखर, मीठ, सगळं तक्त्यांनी शिकवलं. तक्ते बरोबर होते. पण त्या तक्त्यांच्या कितीतरी आधी मला हे सगळं ठाऊक होतं, कारण आईच्या बशीत ते असायचं. वडील फिकट पीत असले तर बशीत चीज, तांबूस पीत असले तर अक्रोड. ज्या दिवशी ते सकाळपासून कोठारात असायचे आणि हाक मारली तरी ओ द्यायचे नाहीत, त्या दिवशी मुरंबा. कडूगोड असेल तर बोट तरी लावतो, आई म्हणायची. जा, देऊन ये. सांडू नकोस. मी दोन्ही हातांनी बशी धरायची. अक्रोड गोल, ते घरंगळायचे म्हणून डोळे बशीवर, उंबरा पायाने चाचपायचा. बहुतेक वेळा ते गावच्या चौकात, चिनाराच्या झाडाखाली, कॉफीवाल्याच्या टेबलाशी असायचे. मी बशी त्यांच्या पेल्याशेजारी ठेवायची आणि मग मान वर करून आजूबाजूला बघायची, सगळ्यांनी बघितलं ना. ते मला कोणी शिकवलं नव्हतं. पत्ते खेळणारे म्हातारे म्हणायचे, “आली बघा पान्तेलिसची बशी.” शाळेतली पोरं मला बशीच म्हणायची. ए बशी. बशी, आज काय आणलंस? वडील एखादा अक्रोड तोंडात टाकायचे आणि माझ्या डोक्यावर हात ठेवायचे. हात जड असायचा, चिकट असायचा, आणि त्याला पिकल्या जर्दाळूचा, गुलाबाचा, उन्हाचा वास यायचा. पर्यटकांना मी अजूनही हेच सांगते. जर्दाळू, गुलाब, ऊन.

आज एक बाई आली, सत्तरीची, हॅम्बुर्गची का कुठली, एकटीच. तिने अक्रोड बाजूला सारले, चीज बाजूला सारलं.

“मला नको हे. दातांत अडकतं,” ती म्हणाली. “नुसतीच घेते. चालेल ना?”

“नाही चालणार,” मी म्हटलं.

आवाज माझाच होता. बाई माझ्याकडे बघायला लागली. शेजारचं जोडपंही बघायला लागलं.

“म्हणजे चालेल,” मी म्हटलं. “पण एक अक्रोड घ्या. एकच. माझ्यासाठी.” आणि मी बशी पुन्हा तिच्या पेल्याला टेकवून ठेवली. काच वाजली. बाईने घाबरून अक्रोड उचलला. तो तिने खाल्ला नाही, मुठीत धरून ठेवला, आणि जाताना दारातल्या कुंडीत टाकला. मी आत जाऊन नळाखाली मनगटं धरली. मग डोकं दुखतंय सांगून निघाले. एरवी मला सहा वाजतात.

घराचं दार उघडं होतं, वाऱ्यासाठी. आई टेबलाशी बसून अक्रोड फोडत होती. लिकुर्गोसच्या खुर्चीसमोर एक बशी होती, वर स्वच्छ रुमाल. मी रुमाल उचलला. चीज, सुकं अंजीर उभं चिरून त्यात अक्रोड भरलेला, वर मिरीची चिमूट. सुबक. कारखान्यात मी ठेवते त्यापेक्षा सुबक.

“कोणासाठी?”

“जावयासाठी.”

“तो पाहुणा आहे का, आई? रोज बशी कशाला?”

“रोज आहे हे तुला कसं कळलं?” आईने टरफल बाजूला केलं. “आज लवकर कशी आलीस?”

मी बसले नाही. आन्थी टेबलाखाली होती, तिच्या प्लास्टिकच्या भांड्यांत. तिचा तळवा माझ्या पावलावर आला, गरम.

“सकाळचा पेला तू धुतलास,” आई म्हणाली. विचारलं नाही, म्हणाली. “जाळीवर उपडा, एकटाच. मी पण असाच धुवायचे.”

“तुला कधीपासून माहीत आहे?”

“द्राक्षं हिरवी होती तेव्हापासून. कपाटातली बाटली दिसते की मला. तुला बाटली नाही दिसायची, पोरी. तुला लहानपणापासून बशीचीच नजर.”

“आणि सांगितलं नाहीस.”

“सांगून काय केलं असतंस? भांडली असतीस. भांडून कोणी थांबतो? मी आपली बशी ठेवत गेले. खातो तो. गुणी आहे, तुझ्या बापासारखा ढकलून नाही देत. आणि आन्थीने नेऊन दिली की शेवटचा दाणासुद्धा उचलतो.”

“आन्थीने?”

“आवडतं तिला. काही सांडत नाही. तुझ्यासारखीच आहे.”

टेबलाखाली प्लास्टिकवर प्लास्टिक आपटत होतं. मला एकदम खूप ऐकू यायला लागलं, बंदरातल्या नावा, खालच्या गल्लीतली स्कूटर, आईच्या बोटांत अक्रोड फुटल्याचा आवाज. मी म्हटलं, आणि माझा आवाज चवघरातल्यासारखाच परका निघाला, “लोकांना दिसावं म्हणून तू मला चौकातून पाठवायचीस. पाच वर्षांची होते मी. तुझी अब्रू मी बशीत घालून नेत होते.”

आई हसली. तिला हसताना बघून मला धक्का बसला, कारण ते रागाचं हसू नव्हतं.

“लोकांना? अगं, लोकांना काय सगळं माहीतच होतं. चार पोरं तुला बशी म्हणायची ती मला ऐकू येत नव्हती? रिकाम्या पोटी गेली की आत जाळत जाते, म्हणून बशी. मी नेली की फेकायचा. तू नेलीस की खायचा. दुसरं कारण नव्हतं. बशी नसती तर तू शाळेत असतानाच गेला असता तो.”

“गेला असता तर…” मी म्हटलं, आणि तिथेच थांबले.

“बोल की.” तिने पुढचा अक्रोड घेतला. “मी पण म्हटलंय ते. अक्रोड फोडताना कितीदा तरी.”

आज ती पाचच्याच बसने गेली; एरवी लिकुर्गोस येईपर्यंत थांबते आणि मी यायच्या आत निघते. दारात तिने माझ्या गालाला हात लावला, टरफलांनी खरखरीत झालेला. मला वाटत होतं, तिने माझ्या आयुष्याची मला माहीत असलेली बाजू उचलून खालची दाखवलीय, आणि खाली तीच नक्षी आहे. वडील जगले, कारण मी नेत होते. ते पीत राहिले, तेही कदाचित त्यामुळेच. बशीमुळे सगळं रोजच्यासारखं दिसायचं, त्यांना सुद्धा. डोळे पिवळे झाले तेव्हाही त्यांच्या उशाशी बशी होती. शेवटी शेवटी मी बशी ठेवून आजूबाजूला बघायची तर खोलीत बघणारं कोणीच नसायचं.

मी आईची बशी उचलून फ्रिजमध्ये ठेवली, मागे, दुधाच्या मागे. कपाटातून बाटली काढली. पिठाच्या डब्यामागे होती, आडवी. वर्षानुवर्षं जुनी, काळपट, आमच्या लग्नातली. अर्ध्याच्या खाली. मी पेला काढला, बाटली आणि पेला टेबलावर ठेवले, दुसरं काही नाही. टेबल पुसलं. पुन्हा पुसलं. आन्थीला खिडकीपासून लांब बसवलं आणि तिच्या हातात रस्क दिला. मग मी बसले, हात मांडीवर, आणि टेबलाच्या पुसलेल्या जागेकडे बघत राहिले. तिथे लाकडावर एक फिकट गोल होता. कित्येक आठवडे तिथे रोज एक बशी ठेवली जात होती आणि मी त्यावर जेवणाची ताटं मांडत होते.

लिकुर्गोस वंगणाने काळे झालेले हात घेऊन आला. आधी हात धुतले, साबण दोनदा लावून. मग वळला आणि त्याला टेबल दिसलं.

“आज काय, कोणाचा वाढदिवस?”

“तुझ्यासाठी ठेवलीय. बस.”

तो बसला. बाटलीकडे बघितलं, मग पिठाच्या डब्याकडे, मग माझ्याकडे. चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, पण आतून कोणीतरी उठून गेलेलं.

“पी की,” मी म्हटलं. “मी बघणार आहे फक्त.”

“थेक्ला, बघायला काय आहे त्यात? एक पेला असतो. झोप लागत नाही म्हणून. जहाजावर इंजिनाचा आवाज असायचा रात्रभर. इथे…” त्याने खिडकीकडे हात केला, “इथे नुसता वारा.”

“मला उठवायचंस.”

“उठवून काय सांगू? आवाज कर म्हणून?”

मला हसू आलं, वाईट वेळी. तेवढ्यात भोंगा झाला. पिरेउसची बोट. त्याची मान वळली नाही, पण बोटं टेबलाच्या कडेवर थांबली. भोंगा संपेपर्यंत तो कुठेच नव्हता.

“मी तुझा बाप नाहीये,” तो म्हणाला, हळू.

“मग खायला माग काहीतरी.”

“काय?”

“पेला समोर आहे. शेजारी काही नाही. माणूस म्हणतो, बायको, एखादं ऑलिव्ह तरी दे. म्हण तेवढं.”

त्याने टेबलाकडे बघितलं. त्याला खरंच तेव्हा कळलं की तिथे काहीतरी कमी आहे. मला ते दिसलं, आणि ते दिसणं पेल्यापेक्षा भयंकर होतं. त्याने ओठ उघडले. मी वाट बघत होते. मला तो शब्द इतका हवा होता की माझ्याच तोंडात मिठाची चव आली. त्याने ओठ मिटले आणि बाटली उचलून पेला भरला. रंग खिडकीतल्या उजेडात पेटला, आणि तो वास आला, जर्दाळू, गुलाब, ऊन. त्याने पेल्याला हात लावला, उचलला नाही.

तेव्हा मला आन्थीचे पाय ऐकू आले. ती कोपऱ्यातून येत होती. दोन्ही हातांत तिची प्लास्टिकची लाल बशी, डोळे बशीवर, जीभ ओठांच्या कोपऱ्यात दाबलेली. गालिच्याची कड तिने पायाने चाचपली, मग पुढचं पाऊल. बशीत अर्धा चावलेला रस्क होता, आजीने फोडलेला एक अक्रोड, आणि कपडे वाळत घालायचा एक चिमटा. तिने टाचा उंच केल्या आणि बशी वडिलांच्या पेल्याशेजारी सरकवली, बरोबर त्या फिकट गोलावर. मग मान वर करून आमच्याकडे बघितलं. आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे. बघितलं ना, अशी.

लिकुर्गोसने अक्रोडाकडे हात नेला, सवयीने, आणि हात तिथेच राहिला.

“मला वाटायचं, खेळतेय ही,” तो म्हणाला.

“खेळतच होती,” मी म्हटलं. “मी पण खेळतच होते.”

मी बशी उचलली. ती हलकी होती, तिचं काहीच वजन नव्हतं. आन्थीला मांडीवर घेतलं, बशी तिच्या मांडीवर ठेवली आणि रस्क तिच्या हातात दिला. “हे तुझं आहे,” मी म्हटलं. “तू खा.” तिचा चेहरा रडवेला झाला. तिने पेल्याच्या दिशेने बशी पुढे केली. मी तिचा हात धरला, घट्ट नाही, पण धरला. ती रडली. मी धरून ठेवला. मग ती हुंदके देत रस्क चावायला लागली.

पेला टेबलावर तसाच होता, काठोकाठ, शेजारी काही नाही. लिकुर्गोसने हात मागे घेऊन मांडीवर ठेवले, माझ्यासारखे. वाऱ्याने दार आपटलं तरी कोणी उठलं नाही. आम्ही तिघंही पेल्याकडे बघत होतो, घरात नुकत्याच येऊन बसलेल्या माणसाकडे बघावं तसे.